दिव्याच्या खोलीतल्या वहिनी

आमच्या वहिनींना अख्खी संस्था ‘दुर्बीण’ म्हणायची. तोंडावर नाही हं, पाठीमागे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. मी त्यांची धाकटी जाऊ. माझा नवरा त्यांना वहिनी म्हणतो म्हणून मीही वहिनीच म्हणते. घरी आणि कामावर, दोन्हीकडे त्यांच्याच हाताखाली असणं म्हणजे काय असतं ते मला विचारा. सकाळी घरी पातेलं नीट घासलं नाही म्हणून बोलणी खायची, आणि तिथून सुटून कामावर जावं तर तिथे काचेची प्लेट नीट घासली नाही म्हणून पुन्हा तीच बोलणी. ‘धाकटे, तुझं लक्ष कुठे असतं गं?’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतही त्याला उत्तर देते, असं माझा नवरा म्हणतो.

आमची संस्था गुरांच्या लशी बनवते. शहर संपतं तिथे एक लांबलचक बैठी इमारत आहे, मधून कॉरिडॉर, दोन्ही बाजूंना खोल्या. माझी खोली पहिली, मीडियाची. मीडिया म्हणजे जंतूंचं जेवण. मांसाचा अर्क, मीठ, चिमूटभर साखर, आणि घट्ट बसावं म्हणून अगर नावाची पूड. सगळं उकळायचं, गाळायचं, वाफेच्या दाबाखाली ठेवायचं आणि चपट्या काचेच्या प्लेटांत ओतायचं. थंड झालं की जेलीसारखं बसतं. घरी चार माणसांचं आणि इथे चार कोटी जंतूंचं, तू काही स्वयंपाकातून सुटत नाहीस, हे आणखी एक माझ्या नवऱ्याचं.

वहिनींची खोली कॉरिडॉरच्या पार टोकाला. तिला खिडकी नाही. भिंती काळ्या रंगवलेल्या, मध्ये टेबल, टेबलावर एक स्टँड. स्टँडवर प्लेट ठेवायची, खालून तिरका दिवा सोडायचा आणि वरून भिंगातून बघायचं. एवढंच काम. पण त्या एवढ्याशा कामावर सगळी लस उभी असते, कारण पिंपभर लस शेवटी एका ठिपक्यापासून सुरू होते आणि तो ठिपका कुठला घ्यायचा ते वहिनी ठरवायच्या.

ठिपका म्हणजे कॉलनी. एक जंतू प्लेटवर पडला की त्याचे दोन होतात, दोनाचे चार, आणि दुसऱ्या दिवशी डोळ्यांना दिसेल एवढा ठिपका तयार होतो. आता गंमत अशी, की एकाच जातीच्या जंतूंचे ठिपके एकसारखे दिसत नाहीत. जंतूच्या अंगावर काय आहे त्यावर ठिपक्याचं रूप ठरतं. अंगावर पातळ चिकट साखरेचा कोट असेल तर ठिपका गोल, ओलसर, चकचकीत. कोट फारच जाड झाला तर शेंबडासारखा, कॉलनी उचलायची बारीक तार लावली की ताणत येणारा. आणि कोटाखालची, अंगालाच चिकटलेली साखरही पार झडून गेली असेल तर जंतू पाणी धरत नाहीत, एकमेकांना चिकटून बसतात, मग ठिपका कोरडा, सुरकुतलेला, कडा फाटलेल्या. हे सगळं मला वहिनींनीच शिकवलं, पुष्कळ शिव्या घालून.

गुरांचा घसा सुजवून बघता बघता जीव घेणारा जो रोग आहे, त्याचा जंतू कोट घालून हिंडतो. कोटामुळे गुराच्या रक्तातले शिपाई त्याला पकडू शकत नाहीत. म्हणून लस कोटवाल्या जंतूचीच हवी, म्हणजे शिपाई आधीच तो कोट ओळखून ठेवतात. बिनकोटाच्या जंतूची लस टोचणं म्हणजे चोराचा फोटो चौकीवर लावायचा आणि फोटोत नेमकं तोंडच नाही. पण हा जंतू महाआळशी. प्लेटवर आयतं जेवण मिळतंय, मागे कुणी लागलेलं नाही, मग कोट कशाला घालायचा? दोन-चार पिढ्यांत काढून टाकतो. सुट्टीच्या दिवशी आमच्याकडेही एक जण दिवसभर बनियनवर बसलेला असतो.

वाईट एवढंच, की कोट काढलेल्या या जंतूची कॉलनीही गोल आणि गुळगुळीतच असते. साध्या उजेडात दोघी बहिणी. फरक कळतो तो फक्त तिरक्या दिव्यात. कोटवाली कॉलनी पाण्यावर पेट्रोल सांडावं तशी हिरवी, लाल, सोनेरी झळकते. बिनकोटाची नुसती निळसर, मेलेली. तेवढा तो रंग बघणं हे वहिनींचं आयुष्य होतं.

थोरले भाऊजी गेले तेव्हा वहिनी ऐन तिशीत होत्या, पदरी मूल नव्हतं. संस्थेत त्या बाटल्यांना लेबलं चिकटवायला लागल्या. दिव्याच्या खोलीत तेव्हा एक खवट म्हातारे मास्तर होते, ते कुणाला आत येऊ द्यायचे नाहीत. एकदा वहिनी लेबलं द्यायला दारात उभ्या होत्या, आणि स्टँडवरच्या प्लेटकडे बघून म्हणाल्या की त्या कोपऱ्यातल्यांना रंगच नाही. मास्तरांनी आधी त्यांना हाकललं. मग परत बोलावलं आणि खुर्चीवर बसवलं. त्या ज्या बसल्या त्या तिथल्याच झाल्या. घरी येऊन कधी काम सांगायच्या नाहीत, पण आज रंग छान होता एवढं म्हणाल्या की समजायचं, आज संध्याकाळी कुणालाही बोलणी बसणार नाहीत. माझी मुलगी त्यांच्या मांडीवर वाढली. मला ही नोकरीही त्यांनीच लावून दिली. कायमची नव्हे, दरवर्षी कागद नवा करायचा, पण दिली. हे मी विसरलेले नाही, म्हणून तर पुढचं सगळं इतकं जड गेलं.

गेल्या वर्षापासून त्यांनी माझ्या मीडियाच्या मागे हात धुऊन लागायला सुरुवात केली. गढूळ आहे म्हणायच्या. मी पुन्हा गाळायचे. तरी गढूळ. कापसातून गाळलं, कागदातून गाळलं, अगरची कंपनी बदलून घेतली, पाणी दोनदा उकळून घेतलं. मी प्लेटखाली वर्तमानपत्र धरून बारीक अक्षरं वाचून दाखवायचे, तर म्हणायच्या, तुला काय कळतंय, तिरक्या उजेडात बघ, सगळं दूध सांडल्यासारखं दिसतंय. मी बघायचे. मला स्वच्छ दिसायचं. पण दुर्बीण एक म्हणतेय आणि मी एक म्हणतेय, तर संस्था कुणाचं ऐकणार? माझं तर मीसुद्धा ऐकलं नाही. खोटं कशाला बोलू, रात्र रात्र मला वाटायचं की आपलंच कुठेतरी चुकतंय.

मग एक बॅच उंदरांवरच्या चाचणीत पडली. लस टोचलेले उंदीर न टोचलेल्यांसारखेच मेले. लस ओतून दिली, नवी केली. तीही पडली. रोगाचे दिवस तोंडावर आलेले, कोठीत जुना साठा संपत आलेला, आणि आमच्या प्रमुख मॅडमच्या तोंडचं पाणी पळालेलं. वहिनींना विचारलं तर त्यांनी सरळ सांगितलं, मीडिया चांगला नाही, अशा मीडियावर जंतू कोट टिकवत नाहीत. मॅडमनी चौकशी लावली आणि मला बोलावून सांगितलं, सोमवारी सगळ्यांसमोर बसू, पण मीडियाचंच निघालं तर तुमचा कागद या वर्षी नवा होणार नाही. मी खाली मान घालून बाहेर आले. नवऱ्याचं कारखान्यातलं काम तेव्हा बंद होतं, मुलीचं कॉलेज चालू होतं. माझ्या पगारावर घर चाललं होतं, आणि वहिनींना ते पक्कं ठाऊक होतं.

मला राग लवकर येतो. आल्यावर मी काय करीन याचा नेम नसतो. दुसऱ्या दिवशी वहिनींनी नव्या प्लेटा बघायला मागितल्या. वापरायच्या आधी कोऱ्या प्लेटा त्या दिव्याखाली तपासायच्या. मनात म्हटलं, थांबा, आज तुमची खोडच मोडते. मी एक धुतलेली, पुसलेली, कोरडी ठणठणीत प्लेट घेतली. आत काहीच ओतलं नाही. झाकण लावलं आणि माझ्याच हाताने स्टँडवर ठेवली, म्हणजे वजन कळायला नको. त्यांनी गढूळ म्हटलं की चारचौघांत सांगणार होते, बघा, ह्यांना नुसती खोट काढायची असते.

वहिनी वाकल्या. भिंग लावलं. पुष्कळ वेळ बघितलं, डावीकडून, उजवीकडून. मी बघत होते, त्या खोट काढायला बघत नव्हत्या. अगदी मनापासून, डोळे ताणून, चांगलं दिसावं म्हणून बघत होत्या. मग सरळ झाल्या आणि दमल्यासारख्या म्हणाल्या, पुन्हा तेच गं, गढूळच आहे.

माझा राग जागच्या जागी गळाला. मी झाकण काढलं, त्यांचा हात धरला आणि बोट प्लेटमध्ये टेकवलं. नुसती काच. त्यांनी बोट या कडेपासून त्या कडेपर्यंत फिरवलं. पुन्हा फिरवलं.

मला सगळं एकदम आठवायला लागलं. घरातला बल्ब मंद आहे म्हणून त्यांनी मोठा आणायला लावला आणि मग तोच डोळ्यांवर येतो म्हणून कुरकुर केली. खिडकीच्या काचा मी पुसतच नाही म्हणून माझ्याशी भांडल्या. हिरव्या ब्लाउजला निळा दोरा घातला आणि दुकानदाराने फसवलं म्हणाल्या. मीच मूर्ख, मी प्रत्येक वेळी भांडत बसले. बाईला मोतीबिंदू झाला होता. दोन्ही डोळ्यांत. आणि त्या मला मीडिया गाळायला लावत होत्या.

‘वहिनी, हे डोळ्याचं आहे,’ मी म्हटलं.

‘काच नीट धुतलेली नाही,’ त्या म्हणाल्या, आणि भिंग पुसायला लागल्या.

घरी आल्यावर त्या जेवल्या नाहीत. मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, सरळ मॅडमना सांग, यात विचार करायचा काय? बोलायला सोपं आहे. वहिनींना निवृत्त व्हायला अजून अवकाश होता. ती काळी खोली सोडली तर त्यांच्याकडे काय होतं? आणि खरं सांगू, मी सांगितलं असतं तरी लोक म्हणाले असते, नोकरी वाचवायला जावेवर ढकलतेय. सांगायचं तर त्यांनीच सांगायला हवं होतं. मी ठरवलं, सोमवारपर्यंत तोंड उघडायचं नाही. ठरवलं खरं, पण आतून मी जळत होते.

रविवारी दुपारी मी त्यांच्या खोलीत जाऊन बसले. म्हटलं, डॉक्टरकडे जाऊ, आजकाल हे ऑपरेशन म्हणजे काहीच नाही, सकाळी जायचं, दुपारी घरी. त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. मग बोलल्या. त्यांच्या आईचं हेच ऑपरेशन झालं होतं. डोळ्यात पू झाला, डोळा काढावा लागला, आणि भीतीने आईने दुसरा कुणाला हात लावू दिला नाही. आई पुढे कितीतरी वर्षं भिंत चाचपत जगली. जखमेत कुठून गेले असतील जंतू, असं त्या म्हणाल्या. जन्मभर ज्यांना रोज वाढवलं, त्यांचीच त्यांना धास्ती होती. मला त्यांची कीव आली, आणि तरीही रागही आला.

मग मी विचारलं, रंग दिसत नव्हता तर एवढे दिवस कॉलनी कशी निवडत होता? त्या म्हणाल्या, तारेने. इतकी वर्षं हाताला सवय. तार टेकवली की कळतं. कोरडी असेल तर चुरा होतो, बुळबुळीत असेल तर दोरा येतो, चांगली असेल तर लोण्यासारखी निघते. लोण्यासारखी निघाली की घ्यायची.

‘पण बिनकोटाचीही लोण्यासारखीच निघते ना?’ हे मला त्यांनीच शिकवलं होतं.

त्या उठून बसल्या. चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं, बाईंना आज पहिल्यांदा कळलं. तोवर त्यांना खरोखर वाटत होतं की मीडिया माझा वाईट, आणि निवड त्यांची बरोबर. त्या दिवशी त्या संध्याकाळपर्यंत तशाच बसून राहिल्या, आणि उद्या काय बोलणार ते मी काही विचारलं नाही.

सोमवारी मॅडमच्या खोलीत सगळे जमले. उंदरांचं बघणारा होता, कोठीवाले काका होते, मी दाराजवळच्या खुर्चीवर. मॅडमनी आधी वहिनींना विचारलं, मीडियाबद्दल तुमचं काय म्हणणं आहे ते सगळ्यांसमोर सांगा. वहिनी उभ्या राहिल्या. हाताने टेबलाची कड धरली होती.

‘मीडिया स्वच्छ आहे,’ त्या म्हणाल्या. ‘पहिल्यापासून स्वच्छ होता. मला दिसत नाही. मी वर्षभर न दिसता कॉलन्या निवडल्या.’

मी खुर्चीत रडायला लागले, आणि ते रडणं सुटल्याचं होतं की कशाचं, मला तेव्हा सांगता आलं नसतं. माझी नोकरी वाचली होती. मॅडम चांगल्या आहेत, त्या ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, ठीक आहे, डोळ्यांचं बघू, आपण जुनं मूळ बियाणं काढू, त्यापासून पुन्हा सुरू करू. मूळ बियाणं म्हणजे मास्तरांच्या काळात सुकवून काचेच्या नळ्यांत बंद केलेले जंतू, ज्यांच्यापासून दरवर्षीची लस निघते. हंगामाला उशीर होईल, पण होईल.

वहिनी अजून उभ्याच होत्या. त्या म्हणाल्या, नळ्या नाहीत. वर्ष सुरू होताना त्यांनी शिरस्त्याप्रमाणे प्रत्येक नळी उघडून प्लेटवर वाढवून बघितली होती. एकीतही रंग दिसला नाही. बियाणं मेलं असं ठरवून त्यांनी सगळ्या नळ्या ऑटोक्लेव्हमध्ये घालून वाफेने मारल्या, आणि जागी नव्या भरल्या, लोण्यासारख्या निघालेल्या. मॅडमनी हात कपाळाला लावला. नळ्या मारायच्या कागदावर सही त्यांचीच होती, वहिनींनी सांगितलं म्हणून न बघता केलेली, हे त्यांनी स्वतःच तिथे सांगितलं.

त्या दुपारी दिव्याखाली मी बसले. मला बसवलं. नव्या नळ्यांच्या प्लेटा एकेक करून स्टँडवर ठेवत गेले आणि वहिनी शेजारी स्टुलावर. प्रत्येक प्लेटला त्या विचारायच्या, एखादा तरी? मी नाही म्हणायचे. खोटं बोलावंसं फार वाटलं. पण माझ्या एका खोट्याने पुन्हा पिंपभर खोटी लस झाली असती, म्हणून नाहीच म्हणत राहिले. सगळ्या निळ्या होत्या.

बियाणं दुसऱ्या देशातल्या संस्थेकडून मागवायचं ठरलं. त्याला परवाने लागतात, तपासण्या लागतात. या हंगामाला मिळणार नव्हतं. फाटकावरच्या लस विकायच्या खिडकीत ‘लस नाही’ असा कागद लावा, असं मॅडम कोठीवाल्या काकांना म्हणाल्या. वहिनी म्हणाल्या, कागद नको, मी बसते. मॅडमनी नको नको म्हटलं. माझ्या नवऱ्यानेही घरी आकांडतांडव केलं, की लोक दगड मारतील. मी मध्ये पडले नाही. ऑपरेशनची तारीख मिळाली होती, वहिनींनीच होकार दिला होता, आणि तोवरचे दिवस त्या खिडकीत बसणार होत्या.

मी पहिल्या दिवशी त्यांच्या मागे उभी होते. गुरं पाळणारी माणसं लांबून यायची, लस थंड न्यायला बर्फ भरलेले डबे घेऊन. वहिनी प्रत्येकाला तेच सांगायच्या: लस नाही, या हंगामात येणार नाही, चूक माझी आहे. काही जण शिव्या घालून गेले. एका म्हाताऱ्याला वाटलं, जास्त पैसे दिले की लस मिळेल, त्याने नोटा पुढे केल्या. वहिनींनी त्याला पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

दुपारी एक बाई आली, आमच्याच वयाची. तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, तीन गाई आहेत, त्यांना आता काय करू? वहिनी म्हणाल्या, वेगवेगळ्या बांधा, खाणं सोडलं किंवा घसा सुजला की लगेच गुरांच्या डॉक्टरकडे न्या, वाट बघू नका. ती बाई वळली आणि चार पावलं जाऊन डब्याचं झाकण काढायला लागली. तिच्या पाठीमागे ऊन होतं. उन्हात वहिनींना माणसाची नुसती काळी आकृती दिसते, हे आता मला कळतं.

‘धाकटे,’ त्या हळूच म्हणाल्या, ‘तिचं तोंड कसं होतं गं?’

मला काय वाटेल ते सांगता आलं असतं. त्यांना कधीच कळलं नसतं.

‘विश्वास ठेवला तिने तुमच्यावर,’ मी म्हटलं. ‘डब्यातला बर्फ ओतून देतेय.’

वहिनींनी मान हलवली. मग पुढच्या माणसासाठी खिडकीची फळी वर केली.